जूनमधलं टोपडं

नोएडातल्या मराठी घरांत बाळ जन्मलं की पेढ्यांच्या आधी अलकाकाकूंना फोन जायचा. बाईंचा उभा जन्म सरकारी फायलींत गेला, पण खरा लौकिक बाळांना न्हाऊमाखू घालण्याचा. पाय पसरून बसायच्या, कोपर बुडवून पाण्याचा अंदाज घ्यायच्या, आणि रडून लाल झालेलं पोर त्यांच्या पायांवर पडलं की गप्प व्हायचं. मग खिडक्या बंद, पंखा बंद, शेगडीत निखारे, वर ओव्या-वावडिंगाची धुरी, आणि टोपडं घालून दुपट्यात गच्च गुंडाळलेलं गाठोडं. "पंखा लावलात तर माझ्याशी गाठ आहे," असा दम भरायच्या. कुणाची टाप नव्हती.

सून निधी हिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं, मे सरता सरता. मुलगी झाली. जगाची पोरं न्हाणली, आता आपल्या घरचं. काही म्हणता काही कमी पडू द्यायचं नाही, असं अलकाकाकूंनी ठरवलं. टोपडं तर त्यांनी आधीच विणून ठेवलं होतं.

यंदाचा जून मात्र जिवावर उठला होता. गच्चीवरच्या टाकीतून येणारं नळाचं पाणीच कढत. विसणाला गार पाणी आणायचं कुठून?

"आई, इतकी गरमी आहे, बिल्कुल सहन होत नाही. शेगडी राहू द्या ना," निधी म्हणाली.

"अगं, मानसही जूनमधलाच. तुझ्या नवऱ्याला काही झालं का?"

खोटं नव्हतं ते. पण मानसच्या वेळी रात्री गच्चीवर अंथरुणं पडायची आणि पहाटे चादर ओढावी लागायची. आता गच्चीची फरशी रात्रीही पायाला चटके देते, हे अलकाकाकू रोज येईल त्याला सांगत होत्या. ते गाऱ्हाणं आणि घरातली शेगडी यांची सांगड मात्र त्यांना घालता आली नाही. माणूस हट्टाला पेटला की असंच होतं.

एका दुपारी शेकानंतर बाळ रडलं नाही. "बघ, कशी शांत झोपलीय," काकू कौतुकाने म्हणाल्या. बाळ दूधही ओढेना. अंग भाजत होतं. "वारा लागला असणार, ताप भरलाय," म्हणत त्यांनी आणखी एक दुपटं गुंडाळलं. निधीने बाळाच्या तोंडात बोट घालून पाहिलं. जीभ कोरडी पडली होती. तिने बाळ सासूच्या हातातून ओढूनच घेतलं आणि टॅक्सी बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भराभर कपडे सोडवले. "माताजी, इस गर्मी में टोपी? इतनी छोटी जान अपने आप ठंडी नहीं हो पाती."

अलकाकाकू टोपडं मुठीत धरून बाकावर बसून राहिल्या. उन्हाने लोळागोळा झालेली आणखी कितीतरी पोरं तिथे होती, आणि त्यांतल्या एकाच्याही डोक्यावर टोपडं नव्हतं. म्हणजे सारा दोष त्यांचा नव्हता. पण त्याने मन हलकं झालं नाही.

बाळ वाचलं, घरी आलं. निधी वाकडा शब्द बोलली नाही. फक्त बाळ त्यांच्या हाती देईनाशी झाली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटे.

मग एका भर दुपारी लाइट गेली. थोड्या वेळाने इन्व्हर्टरही बसला. ज्या पंख्याला त्यांनी जन्मभर धाकात ठेवलं, तो आपणहून थांबला.

"आई, हिची मान गरम लागतेय. पाणी!"

नळ सोडला तर चटका बसला. काकू माठाकडे धावल्या. वाडग्यात पाणी घेतलं, सवयीने कोपर बुडवलं, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा भिजवून पिळला आणि बाळापाशी बसल्या.

"द्या, मी करते," निधी म्हणाली.

त्यांनी फडकं दिलं. हातपंखा घेऊन वारा घालू लागल्या. मनगट भरून आलं, तरी थांबल्या नाहीत. ओल्या फडक्याने बाळ किरकिरलं, मग भोकाड पसरून रडू लागलं. एरवी असं रडणं त्या चुटकीसरशी थांबवायच्या. आज त्या रडण्यानेच त्यांना धीर आला, आणि रिकाम्या मांडीने त्या वारा घालत राहिल्या.