हार्बरफ्रंटवरची दहीसाखर

आज परीक्षेला निघालेल्या आमच्या लेकीच्या, ईराच्या हातावर बायकोने दहीसाखर ठेवली आणि त्या आंबूस वासाने मी थेट सिंगापूरला, हार्बरफ्रंटवरच्या एका शूटिंगला पोचलो.

तेव्हा सहा वर्षांची ईरा एका अमेरिकन मालिकेत गर्दीत उभी राहणार होती. नायिका नऊ वर्षांची, चौथ्या वर्षापासून कॅमेऱ्यापुढे. शॉटआधी मी डबा उघडून ईराला दहीसाखर दिली आणि उदार होऊन त्या पोरीच्याही हातावर चमचाभर ठेवली. शुभकार्यात कंजुषी कशाला! तिच्या आईला विचारावं, एवढी अक्कल कुठली?

दोन मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

"दूध? तुम्ही हिला दूध दिलंत?" आई किंचाळली आणि पर्समधलं अॅलर्जीवरचं इंजेक्शन तिने पोरीच्या मांडीत खुपसलं. सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार आला तो माझ्या एम्प्लॉयमेंट पासचा, सिंगापुरातल्या नोकरीच्या परवान्याचा.

अॅम्ब्युलन्स येईपर्यंत श्वास जरा मोकळा झाला. पोरगी आईला बिलगून पुटपुटली, "डायरेक्टरना सांगू नकोस ना, मॉम. ते दुसरीला घेतील."

आज ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र मी गाढवासारखी मान जोरजोरात डोलावली. खरंच, नकाच सांगू.