अक्काला रडका चेहरा

चहा येण्याआधीच सांगून टाकतो, नाहीतर हसताना कुणाच्या तरी शर्टावर सांडेल. माझी धुळ्याहून बदली कशी झाली, असं तुम्ही दरवेळी विचारता आणि मी दरवेळी 'सरकारी काम, चालायचंच' म्हणून विषय टाळतो. आज खरं सांगतो. ती बदली मी स्वतःच्या तोंडाने, चांगली मेहनत घेऊन करून घेतली!

माझं काम तुम्हाला माहीत आहे. जिल्ह्यातले सरकारी दवाखाने, उपकेंद्रं कशी चालतात ते मोजायचं. लसीकरण, बाळंतपणं, औषधांचा साठा, सगळ्याला गुण. आता माणसाला दुसऱ्याला गुण द्यायला बसवलं की त्याची मान आपोआप ताठ होते, नाही का? माझी तर इतकी ताठ झाली होती की बायको म्हणायची, निदान जेवताना तरी ती खाली करा, ताटात काय आहे ते दिसेल.

त्यात वरून टॅब आले. प्रत्येक केंद्राच्या दारात एक टॅब आणि त्यावर पाच चेहरे, खदखदून हसणाऱ्यापासून धाय मोकलून रडणाऱ्यापर्यंत. पेशंटने घरी जाताना एका चेहऱ्यावर बोट ठेवायचं, बस्स. लोक काय करायचे, तर भिडेपोटी हसरा चेहरा दाबून मोकळे व्हायचे. सगळा जिल्हा हसत होता.

फक्त एक उपकेंद्र सोडून. पिंपळनेरच्या बाजूचं, डोंगराच्या कुशीतलं. तिथलं काम बघाल तर जिल्ह्यात एक नंबर. एक बाळ लसीविना नाही, एक बाळंतीण घरी अडकलेली नाही. आणि चेहरे? सगळेच्या सगळे रडके! एक साधा तोंड वाकडं केलेलासुद्धा नाही, थेट धाय मोकलून.

माझ्यातला हेर जागा झाला. म्हटलं, इथे पाणी मुरतंय. एकतर आकडे खोटे, नाहीतर नर्सबाई भयंकर तोंडाळ. गेलो तडक, कुणाला न कळवता.

नर्सबाई निघाल्या जळगावजवळच्या, असोद्याच्या. पंचेचाळिशीच्या, गोल चेहऱ्याच्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणत होतं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा पार उतरला. मला खुर्ची दिली आणि हळूच म्हणाल्या, "सर, मी कुठे चुकते ते तरी सांगा. रोज संध्याकाळी तो टॅब बघते आणि जेवण जात नाही मला."

खरं सांगतो, मला ते नाटक वाटलं. म्हटलं, बाई, असे फार बघितलेत.

बाहेर ओट्यावर आठ-दहा माणसं बसली होती. त्यात एक आबा, साखरेचा जुना पेशंट, गावात शब्दाला वजन असलेला म्हातारा. मी त्यांच्याजवळ सरकून विचारलं, आबा, बाई कशी आहे? आबांनी इकडेतिकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. "काय सांगू भाऊ, भलती खराब बाई शे."

बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. एक म्हणाला, वेळेवर येत नाही. दुसरा म्हणाला, खेकसते. तिसऱ्याला काही सुचेना, तर तो म्हणाला, सुई फार दुखते हिची.

आणि हे चाललेलं असताना मी काय बघतोय? एक बाई भुईमुगाच्या शेंगांची पाटी अक्काच्या टेबलाखाली ठेवून गेली. दुसरी ताकाचा तांब्या घेऊन आली. जिने मघाशी मान डोलावली होती, ती आपलं तान्हं पोर अक्काच्या मांडीवर टाकून दळण टाकायला निघून गेली. पोर तिथेच झोपलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं बघून कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. बरोबर आहे. पण मी जिल्ह्याचा गुणवत्तावाला! मी काय निष्कर्ष काढला? दहशत! बाईची गावावर दहशत आहे, बिचारे घाबरून शेंगा आणून देतात. माझं रक्त उकळलं हो. मी ओट्यावर उभा राहिलो, छाती पुढे काढली आणि जाहीर केलं की आता घाबरायचं कारण नाही, बाईंची बदली मी आठवड्याच्या आत करून दाखवतो.

मला वाटलं टाळ्या पडतील. कुणी हलेना. ताकवाली तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. दाराशी आलेल्या अक्कांच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

मग आबा काठी टेकत उठले. मला वाटलं, पाया पडतात की काय. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई चांगली शे म्हनं का तुम्ही लई जातस, भाऊ. म्हनीसन बठ्ठा गावनी ठरायं, हाई बाई खराब शे."

म्हणजे, बाई चांगली म्हटलं की तुम्ही तिला नेता, म्हणून सगळ्या गावाने ठरवलं, ही बाई खराब! हळूहळू सगळं बाहेर आलं. आधीची नर्स चांगली होती, तिचं कौतुक केलं, तर ऑफिसने तिला उचलून दुसरीकडे नेलं. त्याआधी एक डॉक्टर होते, त्यांना हार घातले, तर महिन्यात तेही गेले. आणि हे अगदी खरं आहे हो. आमच्या साहेबांची पद्धतच ती! जिथे काम चांगलं, तिथलं माणूस काढायचं आणि जिथे बोंब आहे तिथे नेऊन बसवायचं. मग पहिल्या ठिकाणी बोंब सुरू. तर या गावाने ओट्यावर बसून ठरवलं होतं, अक्काला कायम रडका चेहरा. म्हाताऱ्यांना कोणता चेहरा दाबायचा ते घरोघरी शिकवलं होतं.

अक्का रडत रडतच आबांवर चिडल्या. निदान मला तरी सांगायचं ना, म्हणाल्या. आबांचं म्हणणं, तुला सांगितलं असतं तर तू तपासणीवाल्यापुढे खूश दिसली असतीस. त्यावर अक्का जे हसायला लागल्या, त्या मांडीवरून खांद्यावर घेतलेलं पोर जागं झालं तरी थांबेनात. मलाही भरून आलं. आबांचा हात हातात घेतला आणि शब्द दिला, हे गुपित माझ्या पोटात राहील.

माझ्या पोटात! ज्या पोटात आजवर शेजाऱ्याच्या पोराचं जमलेलं लग्नसुद्धा संध्याकाळपर्यंत राहिलेलं नाही!

पुढच्याच आढावा बैठकीत साहेबांचा मूड चांगला होता, चहाबरोबर गरम भजी होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तो सगळा प्रसंग आवाज काढून, आबांची काठी करून दाखवून सांगितला. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. मग चष्मा लावला आणि म्हणाले, इतकी चांगली नर्स तिथे कशाला अडकवून ठेवलीय, हिला कमजोर केंद्रावर टाका. माझ्या घशात भजं अडकलं.

ऑर्डर दुसऱ्या दिवशी निघाली. आबांचा फोन आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, कोणी सांगितलं भाऊ? मी म्हटलं, मीच. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी पार मेल्याहून मेल्यासारखा झालो.

मग साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, साहेब, तो किस्सा मी रंगवून सांगितला, भजी खाताना मला भान राहत नाही. तुम्ही टॅब बघा ना. सगळे चेहरे रडतायत. अशी बाई दुसऱ्या गावाच्या गळ्यात कशाला मारायची? साहेबांनी विचारलं, म्हणजे तुम्ही बैठकीत खोटं बोललात? मी म्हटलं, हो. आता गंमत बघा, नोकरीत एकदाच खरं बोललो होतो आणि ते खोटं होतं असं सांगायला खोटं बोललो. कानउघाडणी खाल्ली, पण ऑर्डर रद्द झाली. अक्का राहिल्या.

पंधरा दिवसांनी काय झालं असेल? आबा गाव घेऊन धुळ्याला, थेट ऑफिसात! हार, शाल, श्रीफळ. साहेबांच्या समोर माझा सत्कार. आबांनी भाषण केलं की बाई अजून खराबच आहे, पण या साहेबांनी समजावल्यापासून थोडी सुधारली, अजून पाच-सहा वर्षं तिथेच ठेवली तर सरळ होईल. आणि असा हुशार अधिकारी आम्ही जन्मात बघितला नाही. मी हारात मानेपर्यंत बुडालो होतो, डोळे भरून आले होते. साहेब कौतुकाने बघत होते. त्या बघण्याची मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो, तर आबांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "तुम्ही मानूस चांगला शेतस भाऊ. पन तुमना तोंडना भरवसा नही."

चार दिवसांत माझी ऑर्डर. इतका गुणी माणूस धुळ्यात कशाला, सातपुड्याच्या पायथ्याशी टाका!

तर आता इथे येऊन वर्ष होत आलं. इथे तपासणीवाल्यांनाही केंद्रावरचे लोक टॅबवर चेहरे देतात. मागच्या महिन्यात माझ्या नावापुढचे चेहरे बघितले. सगळे रडके, एकूण एक! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. लगेच बायकोला फोन लावला. म्हटलं, बघ, इथल्या लोकांनाही माझा लळा लागला, मला सोडायला तयार नाहीत.

ती म्हणाली, "अहो, ते खरंच रडत असतील."