टर्पेंटाइनची बाटली दाराबाहेर

सुप्रियाला खोकला आला की विजयमालाबाईंच्या हातातलं काम सुटायचं. रिसोडला घरामागच्या खोलीत त्यांची ही लेक तैलचित्रं काढायची. लोकांच्या गेलेल्या आजी-आजोबांची, ऑर्डरीप्रमाणे. चेहरा हुबेहूब उतरायचा. पण टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुता धुता तिला दम लागायचा. डॉक्टर म्हणाले होते, हा वास तरी सोडा, नाहीतर चित्रं.

मागच्या महिन्यात बाईंनी आपल्या मनानं उपाय केला. माहेराहून, अनसिंगहून, जवसाचं तेल आणलं. रंगात जवसाचंच तेल असतं, मग ब्रशला काय होतंय? सुप्रिया गावाला गेली होती, तेवढ्यात सगळे ब्रश तेलात बुडवून, निथळून ठेवले. आठ दिवसांत केस काडीसारखे ताठ. पोरगी एका शब्दानं बोलली नाही. नवे ब्रश आणले, टर्पेंटाइनची नवी बाटलीही आणली. तिचं ते न बोलणंच बाईंना लागलं.

म्हणून आज त्या स्वतः रंगाच्या दुकानात आल्या होत्या.

"थिनर न्या ना काकू," दुकानातला पवन म्हणाला. "एका मिनिटात साफ."

"त्यानं तं पोरीले आनखी दम लागते."

"मंग रॉकेल?"

"तू ब्रश साफ करून राह्यला का माही पोरगी?"

पवन ओशाळून हसला. त्याचे वडील मारोतराव पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते गल्ल्यामागून म्हणाले, "बाई, जवस सुकते, म्हनून तं रंगात घालतेत. करडई लवकर सुकत नाई. आधी फडक्यानं रंग पुसा, मंग करडईच्या तेलात घोळवा, मंग कपड्याच्या साबनावर घासा. फेस पांढरा होयेपर्यंत. अन् फडके ढीग करून ठेवू नोका, पेट घेतेत. पान्यात टाका."

"अन् ते कडक झालेले?"

"ते गेले समजा."

घरी पिशवीतली करडईच्या तेलाची बाटली पाहून सुप्रिया थबकली. "आई, पुन्हा तेल?"

"हे सुकत नाई म्हंतेत." बाईंचा आवाज त्यांनाच खोटा वाटला. "एकच ब्रश दे. तुले नको असंल तो."

सुप्रियानं सगळ्यात बारीक ब्रश दिला, डोळ्यांतली चमक काढायचा. बाईंनी तो तीनदा धुतला. सकाळी केस मऊच होते.

सुप्रियानं टर्पेंटाइनची बाटली उचलून दाराबाहेर ठेवली. बाई वरणाला फोडणी देऊन उंबऱ्याशी मेथी निवडत बसल्या. कान मात्र आत. थोड्या वेळानं एक ठसका आला. त्यांचा हात थांबला.

"तुह्या फोडणीचा हाय वं आई. भाजी निवड तू."

"हो," बाई म्हणाल्या. जुडी मांडीवर तशीच राहिली.