जावेला जपानी जेवायला नेलं तेव्हा

हैदराबादेत चांगलं जपानी जेवण कुठे मिळतं, असं कुणी विचारलं की मी मोठ्या ऐटीत गचिबावलीतल्या एका छोट्या हॉटेलाचा पत्ता सांगायची. ते मी स्वतः शोधलं होतं. वर्षभर दर महिन्याला तारनाक्याहून एवढ्या लांब मी एकटी जायची, रामेनचं, म्हणजे रश्शातल्या शेवयांचं, वाडगं चाटूनपुसून संपवायची. तिथला म्हातारा जपानी आचारी मला पाहून किंचित मान लववायचा. तेवढ्यावर मी खूश होते.

मग मी धाकट्या जावेला तिथे नेलं. ती नोकरीसाठी दोन वर्षं जपानात राहून आली होती. तिने आचाऱ्याला जपानीत काहीतरी विचारलं आणि तो हात पुसत बाहेरच आला. दोघं खळखळून हसत होते. त्याने स्वतःपुरतं घातलेलं मुळ्याचं लोणचं आणून तिच्यापुढे ठेवलं. मला ते वर्षभरात एकदाही दिसलं नव्हतं.

"ताई, खाऊन बघा ना," जाऊ म्हणाली.

"मला मुळा आवडत नाही," मी म्हटलं. तोंडाला पाणी सुटलं होतं.

पुढच्या महिन्यात मी एकटीच गेले. आचारी लगबगीने आला आणि माझ्या मागे दाराकडे बघत मोडक्या हिंदीत म्हणाला, "बहन नहीं आया?"

"वो वापस जापान चली गई," मी सांगितलं.

त्याचा चेहरा पडला. जाऊ आमच्याच वरच्या मजल्यावर राहते. मला लाज वाटली, पण खरं काही मी सांगितलं नाही.