राजेसरांचं बोट

आमच्या शाळेत एक खराखुरा राजा होता, आणि तो नागरिकशास्त्र शिकवायचा. थट्टा नाही. पेठच्या पलीकडे डोंगरात त्यांच्या घराण्याचं चिमुकलं संस्थान होतं. बावीस गावं, नागलीची शेती आणि साग. स्वातंत्र्यानंतर ते विलीन झालं आणि नावाला चिकटलेलं ‘राजे’ तेवढं उरलं. सर नाशकात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत, सायकलवरून शाळेत येत आणि डाव्या हाताने फळ्यावर सुरेख अक्षर काढत. सहीत ते ‘राजे’ कधी लिहायचे नाहीत. आम्हीच त्यांना राजेसर म्हणायचो. त्यावर ते माशी वारावी तसा हात हलवायचे आणि पुढे जायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा इंग्रजीचा नवखा मास्तर होतो. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाचं शेपूट. बाकीचे शिक्षक परीक्षेच्या आधी दोन तासांत ते उरकून टाकत. राजेसर जूनमध्येच त्याला हात घालायचे. वर्गाचा मॉनिटर चिठ्ठ्यांवर मतं घेऊन निवडायचा, हा त्यांचा शिरस्ता. निवडून आलेल्या पोराला उभं करून ते एवढंच विचारत, “तुला मत न देणारे किती?” पोरगं छाती फुगवून सांगायचं, “फक्त सतरा, सर!” “मग त्या सतरा जणांचाही मॉनिटर तूच. आधी त्यांच्या बाकांपाशी जाऊन ये.”

स्टाफरूममध्ये यावरून आमचं वाजायचं. माझं डोकं तेव्हा गरम. आमच्या भागातून निवडून गेलेला माणूस पाच वर्षांत एकदाच तोंड दाखवायचा, तेही पुन्हा मतं मागायला. मी चिडून म्हणायचो, “सर, असल्यांपेक्षा एखादा चांगला राजा परवडला.” सर चहाची बशी खाली ठेवत. “चांगला हे ठरवणार कोण? माझे आजोबा फार चांगले राजे होते, हे मला सांगितलं कुणी? आजोबांनीच!” पण माझं म्हणणं ते उडवून लावत नसत. “लोकांचे प्रतिनिधी लोकांसारखे दिसत नाहीत, हे तुमचं खरं आहे,” ते म्हणायचे. “पण त्यांना घरी बसवता येतं. आम्हाला बसवायला इंग्रज जावे लागले.”

या माणसाने स्वतः मात्र आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. त्यांचे वडील म्हणत, “आपण मत देत नसतो, आपण ते सांगत असतो.” वडील होते तोवर घरातून कुणाची मतदानाला जायची छाती नव्हती. पुढे सरांना नोकरी लागली आणि दर निवडणुकीला केंद्राध्यक्षाची ड्यूटी मागे लागली. ड्यूटीवरच्या माणसाने टपालाने मत द्यायचं असतं. पण सरांची मतपत्रिका कधी वेळेवर आलीच नाही. “एकदा तरी साध्या माणसासारखं रांगेत उभं राहून मत द्यायचंय हो मला,” ते म्हणायचे. एरवी मिश्कील बोलणारा हा माणूस एवढं वाक्य मात्र अगदी हळू बोलायचा.

एका विधानसभेला आम्हा दोघांना एकच केंद्र मिळालं. सर केंद्राध्यक्ष, मी मतदान अधिकारी क्रमांक एक. ऑर्डरवरचं गाव सरांनी दोनदा वाचलं. त्यांच्या बावीस गावांतलाच तो एक पाडा होता. त्यांनी केंद्र बदलून मागितलं. पण निवडणूक कचेरीतल्या कारकुनाने “राजे असल्याचा रकाना नाही फॉर्मात” म्हणून त्यांना वाटेला लावलं.

मतदानाच्या सकाळी पाहतो तर शाळेपुढे अख्खा पाडा उभा. एरवी निम्मी माणसं सिन्नरकडे मजुरीला गेलेली असत. राजा येतोय कळल्यावर ती मिळेल त्या जीपने परत आली होती. सगळ्यांच्या पुढे गावचा कारभारी होता, पन्नाशीचा, काटक. त्याने सरांच्या पायाला हात लावला. सर दचकून उठले. “अहो, इथे पाया पडायचं नसतं!”

“बरं राजा, नाय पडत. पन ह्यो सिक्का कसा मारायचा, त्या येकदा दाव.”

दाराबाहेर उमेदवारांची नावं आणि चिन्हं असलेला कागद लावला होता. सर कारभाऱ्याला तिथे घेऊन गेले आणि एका चिन्हावर डाव्या हाताचं बोट टेकवून म्हणाले, “हे बघा, असा बरोबर चिन्हावर मारायचा. रेघेवर गेला तर मत बाद. कुणाला द्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.” मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवसभर रांग शहाण्यासारखी चालली. संध्याकाळी पेटीला सील लावताना सर खुशीत म्हणाले, “बघा, कोण म्हणतं लोकांना समज नाही!”

निकालानंतर आठवड्याभराने एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आले. शिंपीकाम करणारे, अपक्ष उभे राहिलेले, अनामत रक्कम गमावलेले. “राजेसाहेब, सगळीकडे मला पाच-दहा मतं, आणि तुमच्या पाड्यावर पेटी भरून! मी ते गाव डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. सगळी तुमची कृपा.” सरांनी पुडा घेतला नाही. फक्त चिन्ह कोणतं होतं, ते विचारलं. “शिलाई मशीन,” गृहस्थ म्हणाले. मला आधी हसू फुटलं, पण सरांचा चेहरा पाहून ते जिरलं. त्या सकाळी त्यांचं बोट टेकलं होतं ते शिलाई मशीनवरच.

“वडील तोंडाने सांगायचे,” सर म्हणाले. “मी बोटाने सांगितलं.”

त्याच रविवारी ते एसटीने पाड्यावर गेले, मलाही सोबत नेलं. “मी कुणाचंच नाव सुचवलं नव्हतं,” हे त्यांनी हात जोडून सांगितलं. कारभारी शांतपणे म्हणाला, “तुजा बोट जठं, तठं आमचा सिक्का. त्यो मानूस चांगलाच आसंल ना, राजा?” पुढच्याच महिन्यात एका पक्षाची माणसं त्यांच्या घरी आली. पाड्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. “तुम्ही नुसते उभे राहा, बाकी आम्ही बघतो,” असं त्यांचं म्हणणं. सरांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, “मी उभा राहिलो तर ती निवडणूक होणार नाही, राज्याभिषेक होईल.”

मग दर मे महिन्यात ते सरावाच्या मतदानासाठी चिठ्ठ्या घेऊन पाड्यावर जाऊ लागले. उमेदवार तीन: आंबा, फणस आणि करवंद. पहिल्या वर्षी सगळे सरांची नजर कुठे जाते तेच पाहत राहिले. तेव्हापासून सर मतदान संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. खऱ्या मतदान केंद्रांवरही त्यांनी हात मागे बांधायची सवयच लावून घेतली. चौथ्या वर्षी ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. आंबा तीन मतांनी निवडून आला होता आणि फणसवाला कारभारी पुन्हा मोजा म्हणून हटून बसला होता. “भांडले हो! माझ्यासमोर भांडले!” सर मला दोनदा सांगून गेले.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या निवडणुकीला सर इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर केंद्रावर गेले आणि यादीत त्यांचं नावच नव्हतं. मी अधिकाऱ्यांशी भांडायला निघालो, तर त्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. “यादीत नाव नसणारे आपल्याकडे कितीजण आहेत, मास्तर. आज मी त्यांच्यातला.” ते हसत होते, पण डोळे भरले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा फॉर्म भरला.

पाच वर्षांनी, पुढच्या निवडणुकीला यादीत नाव आलं. एव्हाना सरांच्या पायांतलं बळ गेलं होतं. एप्रिलच्या उन्हात मी त्यांना रिक्षाने केंद्रावर नेलं. केंद्राध्यक्ष त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. तो धावत आला, “सर, तुम्ही थेट आत चला.” सर म्हणाले, “माझ्यापुढे बत्तीस जण आहेत.” काठी टेकत ते तासभर रांगेत उभे राहिले. आत मतदान यंत्राचा लांबलचक आवाज झाला. बाहेर आल्यावर डाव्या हाताच्या बोटावरची शाई त्यांनी मला दाखवली. मी विचारलं, “कुणाला दिलंत, सर?” तर हात पाठीमागे नेऊन ते एखाद्या पोरासारखे हसले.

तीन आठवड्यांनी, दुपारच्या झोपेत सर गेले. दोन जीप भरून पाडा आला. माणसं पायांशी गर्दी करून रडत होती, आणि पाया पडू नका म्हणणारं आता कुणी नव्हतं. मी उशाशी त्यांचा डावा हात धरून बसलो होतो. नख थोडं वाढलं होतं आणि त्यावरची शाईची रेघ तेवढीच वर सरकली होती. एका तरण्या पोराने ती पाहिली आणि मला हळूच विचारलं, “राजानं कोनाला दिलं व्हतं?”

मी काही बोलायच्या आत थकलेला कारभारी त्याच्यावर खेकसला, “गप! त्या इचारायचा नसतं.”