फेलिसाची उडणारी बाई

आमच्या कापिस प्रांतात, समुद्रकाठच्या खेकड्यांच्या कारखान्यात आम्ही बायका उकडलेल्या खेकड्यांचं मांस काढायचो. माश्या शिरतात म्हणून मुकादम दार बाहेरून लावायचा. फेलिसा आमच्यात थोरली, म्हणून सगळ्या तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणायचो. काम करता करता ती आम्हाला गोष्ट सांगायची.

कापिसच्या अस्वांगला, त्या माणसं खाणाऱ्या हडळीला, कोण ओळखत नाही? कमरेखालचं अंग केळीच्या बनात उभं ठेवून ती वरच्या अंगानं उडते. तेवढ्यात कुणी त्या खालच्या अंगावर मीठ टाकलं, की तिला परत जुळता येत नाही आणि उजाडलं की ती उन्हात मरते. पण फेलिसाच्या गोष्टीतली अस्वांग माणसं खायला जायचीच नाही. ती चंद्र ओलांडून पार दुसऱ्या ताऱ्यावर जायची.

"तिथे काय असतं गं, मानांग?" मी विचारायचे.

"तिथं सगळे कमरेपासून वरचेच. पाय कुणालाच नाहीत. कुणाला उचलायला नको, कूस बदलायला नको, धुवायला नको."

आम्ही हसायचो. तिचा नवरा आंदो नारळावरून पडल्यापासून सहा वर्षं अंथरुणाला खिळला होता, हे ठाऊक असूनही हसायचो.

गोष्टीची कीर्ती रोहास शहरातल्या रेडिओपर्यंत गेली. दर शनिवारी येऊन गोष्ट सांगा, रेडिओवाले म्हणाले. पण तिथून परतीची बोट रविवारीच असायची. शनिवारची रात्र आंदोजवळ राहायला मी तयार झाले आणि तिच्याबरोबर त्याला सांगायला गेले.

आंदो छताकडे बघत म्हणाला, "जा की. मी काय, इथंच असणार. फक्त मिठाची बरणी माझ्या हाताशी ठेवून जा."

फेलिसा आधी खळखळून हसली. मग तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि वळून फळीवरच्या बरणीकडे.

"अगं, थट्टा करतोय तो!" मी म्हणाले.

"थट्टाच करतोय," ती म्हणाली. बरणी फळीवरच राहिली. ती शनिवारी गेली नाही, पुढच्याही नाही. रेडिओवाल्यांनी दुसरी बाई शोधली.

कारखान्यात मात्र गोष्ट लांबतच गेली. एके दिवशी गोष्टीत उजाडायची वेळ झाली, तरी तिची अस्वांग परत फिरेना.

"मानांग, उन्हात मरेल ना ती! आण तिला खाली," आम्ही म्हणालो.

"नाही येत ती आता," फेलिसा म्हणाली, आणि पुढचा खेकडा फोडला.

सुटीचा भोंगा झाला. मुकादमानं दार उघडलं. खेकड्याचा वास जावा म्हणून फेलिसानं हातांवर कालामान्सी लिंबू चोळलं आणि घाईघाईनं निघाली. आंदोची कूस बदलायची वेळ झाली होती.