पाठमोरी आक्का

आक्का गेल्याचा भाचीचा फोन आला तेव्हा मी आमच्या कुरुंदवाडच्या घाटावर बसलो होतो. याच पायऱ्यांवरून लहानपणी मी, तिचा धाकटा भाऊ, तिच्यामागं पळायचो. डोक्यावर भरलेली घागर, तिला एका हाताचा आधार, आणि दुसऱ्या मोकळ्या हाताची मूठ चालताना सारखी मिटायची, उघडायची... पाणी म्हणून कधी सांडायचं नाही.

लग्न होऊन ती मसाई पठाराखालच्या गावात गेली. वर्षाच्या आतच पठारावर सिनेमावाल्यांनी तळ ठोकला. नायिकेनं घागर घेऊन तळ्याकडं चालत जायचं होतं, पण त्या बाईच्या डोक्यावर रिकामी घागरसुद्धा ठरेना. गावात विचारणा झाली आणि आक्काचं नाव निघालं. सासू खमकी. "जाऊ दे की, पर तोंड दिसता कामा न्हाय," एवढीच तिची अट. म्हणून सिनेमात आक्का आहे ती पाठमोरी, नायिकेचं लुगडं नेसून, जेमतेम आठ-दहा सेकंद.

हे कुणालाच पटायचं नाही, आणि न पटणाऱ्यांत सगळ्यांत पुढं मी. टीव्हीवर तो सिनेमा लागला की मी म्हणायचो, "आक्के, पाठ काय, कुणाचीबी असती." ती चिडायची नाही. "बघशील एक दिवस," म्हणून भाकरी थापत बसायची. तिची मुलंही हसण्यावारी न्यायची. तिला ते लागत असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर म्हणाली, "बाळू, ऊठ. पठार दावते तुला." गाडी वरपर्यंत जाते. वारा असा, की टोपी हातात धरावी लागली. गवत पिवळं पडत चाललेलं, मधे ते तळं. आक्कानं मला एका कातळावर उभं केलं. "हितं कॅमेरा हुता. हलायचं न्हाय." गाडीतली पाण्याची कॅन डोक्यावर घेऊन ही सत्तरीला टेकलेली बाई तळ्याकडं चालू लागली. मी ओरडलो, "आक्के, पडशील, फिर मागं." ती वळलीच नाही. मागं बघायचं नाही असं तिला तेव्हा बजावलं होतं म्हणे. आणि मला तिची मोकळी मूठ दिसली... मिटत होती, उघडत होती. इतक्यांदा पाहिलेला तो सिनेमातला तुकडा माझ्यासमोर चालत होता.

ती धापा टाकत परत आली. "पटलं?"

खोड कुठली जाते? मी म्हणालो, "लांबनं काय कळतंय?"

ती हसली, पदरानं घाम पुसला आणि डबा उघडून करंजी माझ्या हातावर ठेवली. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू, तोवर जरा गंमत राहू दे. पुढची खेप आलीच नाही.

बाराव्याला पोरं मोबाईलवर तोच तुकडा बघत बसली होती. नातीनं विचारलं, "आजी खरंच हाय ह्यात?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आता मामा काहीतरी टोमणा मारणार म्हणून. मी म्हणालो, "तीच हाय. दिवाळीत पठारावर चालून दावलं तिनं मला. डोळ्यांनी बघितलंय."

भाचीनं हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"मामा, मग आईला का सांगितलं न्हाई तुम्ही? दवाखान्यात शेवटपर्यंत विचारत हुती... बाळूला पटलं असंल का गं?"